डॉ. भाऊ दाजी : एका वैद्याची अनेक वेडे

आपण भिलाईहून कधी मुंबईला गेला असाल तर हावडा-मुंबई मेल दादर सोडून शेवटच्या स्थानकाकडे निघाली की वाटेत भायखळा लागते, हे आपल्याला ठाऊक असेल. बॅग खाली काढण्याच्या गडबडीत तिकडे कोण पाहतो! पण पुढच्या खेपेला सवड काढून तिथे जा. राणीच्या बागेत एक जुने वस्तुसंग्रहालय आहे आणि त्याला एका डॉक्टरचे नाव आहे : डॉ. भाऊ दाजी लाड.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ साली गोव्यात. घरची स्थिती बेताची, पण मुलगा बुद्धिबळात असा तरबेज की त्याची हुशारी थेट गव्हर्नरांच्या नजरेत भरली आणि त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला वडिलांना मिळाला, असे सांगतात. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली जी पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात ते होते.

भाऊंनी दवाखाना काढला, तो थोड्याच काळात गाजू लागला. बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघा भावांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालवला. आता आपल्याला वाटेल, एवढ्या रोग्यांतून या माणसाला दुसरे काही करायला वेळ कुठला? भाऊंच्या बाबतीत हे कोडेच आहे. विष्णुदास भावे आपली नाटकमंडळी घेऊन मुंबईला आले, तेव्हा भाऊ मदतीला उभे राहिले. छायाचित्रणाची कला नुकतीच या देशात येत होती, तिच्यातही ते शिरले. मुलींच्या शाळांसाठी झटले, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. संग्रहालयासाठी लोकवर्गणी गोळा करण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले होते.

या सगळ्यांत त्यांचे खरे वेड होते जुन्या लिप्यांचे आणि पोथ्यांचे. अजिंठ्याच्या लेण्यांतले शिलालेख, जुनागडच्या खडकावरचा रुद्रदामनाचा लेख, कालिदासाचा काळ अशा विषयांवर ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत निबंध वाचत. आर्यभटाचे नाव सर्वांना माहीत होते, पण ग्रंथ मात्र युरोपीय पंडितांच्या हाती लागत नव्हता. १८६४ साली भाऊंनी मलबारातून ‘आर्यभटीया’च्या पोथ्या मिळवल्या. आर्यभट नावाचे दोन ज्योतिषी होऊन गेले आणि त्यांच्या ग्रंथांची सरमिसळ झाली आहे, हे त्यांनी दाखवून दिले. नाडी पाहणारा हात मजकुराचीही परीक्षा तितक्याच सावधपणे करी.

आता त्यांच्या आयुष्यातली एक अवघड बाजू. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत सांगितलेली औषधे ते स्वतः तपासून पाहत. त्यांतूनच कडू कवठाच्या बियांच्या तेलाने कुष्ठरोग्यांवर उपचार सुरू झाले. ज्या माणसांना गाव सीमेबाहेर ठेवी, ती त्यांच्या दारी येऊ लागली. पण औषध नेमके कोणते, हे भाऊंनी गुप्त ठेवले आणि त्यावरून त्यांच्यावर टीका झाली. ज्ञान मिळवून वाटण्यासाठी झटणाऱ्या माणसाने हेच का झाकून ठेवावे? आणि भित्रे म्हणावे, तर १८६२ च्या गाजलेल्या महाराज खटल्यात, धर्मपीठावर बसलेल्या बड्या व्यक्तीच्या विरोधात याच माणसाने वैद्य म्हणून कोर्टात साक्ष दिली होती. वाचकहो, मला वाटते, कुष्ठरोग बरा होतो असे म्हणण्यापूर्वी त्यांना स्वतःची पूर्ण खात्री हवी असावी. तरी झाकलेल्या औषधाचा इतर वैद्यांना आणि त्यांच्या रोग्यांना काय उपयोग, हा प्रश्न उरतोच, आणि टीकाकारांचे म्हणणे मला पूर्णपणे खोडता येत नाही. याच कुळातल्या चालमुगऱ्याचे तेल पुढे, १९४० च्या दशकात नवी औषधे येईपर्यंत, जगभर कुष्ठरोगावर वापरले गेले.

१८६५ साली मुंबईचा शेअर बाजार कोसळला. त्यात भाऊंचीही मोठी पुंजी बुडाली आणि संग्रहालयाचे बांधकामही पैशांवाचून अडले. सरकारने ते पुढे नेले आणि १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. भाऊ दाजींचे नाव त्याला लागले ते थेट १९७५ साली.

पैसा गेला तरी शोध थांबला नाही. जुनागडचा भगवानलाल इंद्रजी हा तरुण १८६१ पासून त्यांच्याकडे होता. भाऊ रोग्यांना सोडून फार दिवस बाहेर राहू शकत नसत, म्हणून भगवानलाल त्यांच्या वतीने देशभर हिंडत आणि शिलालेखांच्या नकला व जुनी नाणी आणत. शेवटच्या मोठ्या फेरीत ते नेपाळपर्यंत पोहोचले. इकडे भाऊंना पक्षाघात झाला होता. आजार बळावल्याची बातमी कळताच भगवानलाल परत निघाले. पण ३१ मे १८७४ रोजी भाऊ गेले. शिष्य मुंबईत पोहोचला, तेव्हा त्याच्या जवळ नेपाळच्या लेखांच्या नकला होत्या आणि त्या ज्यांच्यासाठी आणल्या ते वाचायला उरले नव्हते.