सोडलेल्या चेंडूंचा धनी

होळकरांच्या इंदुरात क्रिकेट पाहत वाढलेल्या आम्हां मंडळींना यष्टीबाहेरचा चेंडू सोडून देणारा फलंदाज चांगला परिचयाचा आहे. त्या संयमाबद्दल त्याला धाव मात्र मिळत नाही. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये मिळकत होते. ठरलेल्या चौकटीबाहेरचे चार चेंडू फलंदाजाने न मारता सोडले, की पहिला बेस त्याला फुकट मिळतो. यास तेथे ‘वॉक’ म्हणतात. बेब रूथची आठवण लोक त्याच्या उत्तुंग फटक्यांसाठी काढतात. मला तो या वॉकमधून अधिक उमगतो.

त्याचा जन्म ६ फेब्रुवारी १८९५ रोजी बाल्टिमोर येथे झाला. बाप दारूचे दुकान चालवी. पोर हाताबाहेर गेले म्हणून सातव्या वर्षीच त्याची रवानगी सेंट मेरीज या कॅथॉलिक शाळेत झाली. तेथे ब्रदर मथायस यांनी त्याला खेळाची गोडी लावली. १९१४ साली तो बॉस्टनच्या संघात डावखुरा गोलंदाज म्हणून दाखल झाला.

२३ जून १९१७ रोजी त्याने पहिल्याच फलंदाजाला वॉक दिला. निर्णय न पटून तो पंचाशी भांडला आणि बाहेर काढताच त्याच्यावर हातही टाकून बसला. त्याच्या जागी आलेल्या अर्नी शोरच्या गोलंदाजीवर एकही फलंदाज बेसवर पोचला नाही. रूथच्या पदरी दंड व दहा दिवसांची बंदी पडली.

१९२० पासून तो न्यूयॉर्कच्या यांकी संघातून खेळू लागला. त्या वर्षी त्याने ५४ व पुढल्या वर्षी ५९ होमरन मारले. पण १९२२ साल वाईट गेले. नियमबाह्य प्रदर्शनी सामन्यांबद्दल हंगामारंभीच बंदी, मग पंचांशी तंटे, आणि अखेरच्या जागतिक मालिकेत १७ संधींत अवघे दोन फटके! जगाने हसावे अशीच गत झाली.

त्या हिवाळ्यात त्याने शेतावर राहून अंग कमी केले. १८ एप्रिल १९२३ रोजी यांकी स्टेडियम खुले झाले, तेव्हा तेथील पहिला होमरन त्यानेच मारला. त्या हंगामातील १५२ सामन्यांत त्याला १७० वॉक मिळाले. काही गोलंदाजांच्या भीतीने मिळाले, हे खरे. पण भ्यालेल्या गोलंदाजाच्या वाईट चेंडूवर बॅट न उगारणे, हे काम फलंदाजाचेच असते. फटक्यांची सरासरी हजारी ३९३ राहिली, आणि यांकींनी जागतिक मालिका प्रथमच जिंकली.

तरीही स्वभाव पुरता गेला नव्हता. १९२६ च्या जागतिक मालिकेत त्याने ११ वॉक मिळवले. निर्णायक सामन्याच्या शेवटच्या डावात, संघ एका धावेने मागे असता, दोन बाद झाल्यावर त्याला पुन्हा वॉक मिळाला. बॅट म्यूझेलच्या हाती होती. रूथला मात्र बेसवर थांबवले नाही. दुसरा बेस चोरण्यास तो धावला, बाद झाला, आणि मालिकाच संपली.

१६ ऑगस्ट १९४८ रोजी कर्करोगाने तो वारला. १७० चा विक्रम ७८ वर्षे टिकला. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने तो मोडला आणि २००४ मध्ये २३२ वर नेला. विक्रम गेला, याचे मला वाईट वाटत नाही. लहानपणी कोणालाच न आवरलेल्या त्या पोराने पुरा एक हंगाम स्वतःला आवरून धरले, हे मला मोठे वाटते.