मौन सोडणारी किम हाक-सुन

१४ ऑगस्ट १९९१. दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल. ६६ वर्षांची एक वृद्धा वार्ताहरांसमोर बसली आणि आपले खरे नाव सांगून तिने पन्नास वर्षे मनात कोंडलेली हकिकत जगापुढे मांडली. तिचे नाव किम हाक-सुन.

तिचा जन्म १९२४ साली चीनमधील जीलिन येथे झाला. कोरियावर तेव्हा जपानचा अंमल होता. वडील तिच्या तान्हेपणीच वारले. आई तिला घेऊन प्याँगयांगला परतली; पुढे आईने दुसरे लग्न केले आणि मुलगी एका पालकाच्या घरी गेली. तेथे ती नाचगाणे शिकली. १९४१ साली पालकाबरोबर कामाच्या शोधात ती बीजिंगला गेली असता जपानी सैनिकांनी तिला पकडून लष्करी तळाजवळच्या एका घरात कोंडले. वय अवघे सोळा-सतरा.

अशा घरांतील स्त्रियांना जपानी लष्कर ‘सांत्वन देणाऱ्या स्त्रिया’ म्हणे. शब्द केवढा मवाळ! प्रत्यक्षात ती गुलामगिरी होती. कोरिया, चीन, फिलिपाईन्स, इंडोनेशिया, कितीतरी देशांच्या मुली तिच्यात भरडल्या गेल्या. त्यांच्या संख्येचे अंदाज २० हजारांपासून २ लाखांपर्यंत व त्याहूनही पुढे जातात. १९४२ ते १९४५ या काळात जपानच्या ताब्यात असलेल्या आपल्या अंदमानातही अशी ठाणी होती.

सुमारे चार महिन्यांनी एका कोरियन व्यापाऱ्याच्या मदतीने किम निसटली. त्याच्याशीच तिने संसार थाटला, दोन मुले झाली. १९४६ मध्ये ती मायदेशी आली. पण सुख तिच्या नशिबी नव्हते. ज्याने सोडवले तोच नवरा दारूच्या भरात त्या दिवसांवरून तिला टोचून बोले. पुढे मुलगी गेली, नवरा गेला, मुलगाही बुडून मेला. मिळेल ते काम करून ती एकटी जगत राहिली.

१९९० साली जपान सरकारने आपल्या संसदेत हा सारा खाजगी दलालांचा व्यवहार असल्याचे सांगितले. हे ऐकून ती पेटून उठली. आपण जिवंत असताना हे खोटे कसे खपावे? ती बोलली आणि पाठोपाठ इतरजणीही बोलू लागल्या. डिसेंबर १९९१ मध्ये तिने टोकियोच्या न्यायालयात दावा लावला. जानेवारी १९९२ मध्ये इतिहासकार योशिमी योशिआकी यांनी लष्कराचीच कागदपत्रे उजेडात आणली. १९९३ साली जपानने लष्कराचा सहभाग मान्य करून क्षमा मागितली. १९९५ मध्ये लोकवर्गणीतून मदतनिधी उभा राहिला. गरिबीतही तिने तो नाकारला. तिला दान नको होते, राज्याने घेतलेली जबाबदारी हवी होती.

१६ डिसेंबर १९९७ रोजी तिचे निधन झाले. दावा २००४ मध्ये अखेरचा फेटाळला गेला. न्यायालयात ती हरली खरी. पण लाज अत्याचार सोसणारीने नव्हे, करणाऱ्याने बाळगायची असते, हे मात्र ती जगाला शिकवून गेली. आपल्याही घरांत, गावांत अब्रूच्या नावाखाली किती स्त्रियांची तोंडे बंद आहेत, याचा विचार आपण करणार की नाही?