न्या. हिदायतुल्ला आणि न सापडलेले विष

सरन्यायाधीश व उपराष्ट्रपती ही पदे भूषविणारे न्या. मोहम्मद हिदायतुल्ला यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ चा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात व केंब्रिजमध्ये शिकून त्यांनी १९३० मध्ये नागपुरात वकिली सुरू केली. १९५४ मध्ये ते तेथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले.

पुढच्याच वर्षी पुण्याच्या डॉ. अनंत लागूंचे अपील त्यांच्यापुढे आले. एका धनिक विधवेवर विषप्रयोग केल्याबद्दल लागूंना फाशीची शिक्षा झाली होती. मात्र शवविच्छेदनात वा रासायनिक तपासणीत विष आढळले नव्हते. मधुमेहजन्य बेशुद्धीने मृत्यू झाल्याचे वैद्यकीय मत नोंदले गेले होते. हे मत बाजूला सारून शिक्षा कायम ठेवता येईल काय, हा प्रश्न होता. मृत्यूनंतरची बनावट पत्रे, मालमत्तेचा अपहार आणि मृत्यू दडविण्याची धडपड यांवरून हिदायतुल्ला व न्या. कपूर यांनी विषप्रयोग सिद्ध मानला. न्या. सरकार यांना तो सिद्ध वाटला नाही. दोन विरुद्ध एक अशा मतांनी अपील फेटाळले गेले.

१८ सप्टेंबर १९९२ रोजी हिदायतुल्ला मुंबईत निवर्तले. तज्ज्ञाचे मत अंतिम नव्हे, हा त्या निकालाचा धडा; पण संशयाचा फायदा कोठे संपतो, हा न्या. सरकारांच्या भिन्नमताने उभा केलेला प्रश्नही तितकाच मोलाचा आहे.