सॅमन नदीकाठचा दारूपारखी : एल्मर कीथ

४ जुलै १९२५. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी हवेत बार काढण्याची पश्चिमेकडील गुराख्यांची जुनी रीत होती. तिला अनुसरून सव्वीस वर्षांच्या एका तरुणाने आपले कोल्ट कंपनीचे .४५ रिव्हॉल्व्हर उचलले आणि चाप ओढला. पुढच्या क्षणी हातातील शस्त्राचा आकारच बदललेला होता. फिरत्या सिलिंडरचा वरचा भाग आणि त्यावरून जाणारी पोलादी पट्टी उडून गेली होती. सुदैवाने तरुणाच्या जिवावर बेतले नाही. पुंगळीत त्याने नेहमीची काळी दारू भरली होती. तिच्यावर मात्र .४५-९० रायफलसाठी असलेली ३०० ग्रेन वजनाची, रिव्हॉल्व्हरच्या नळीपेक्षा किंचित जाड अशी गोळी बसवली होती. ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग, सुमारे ६५ मिलिग्रॅम. या सगळ्या कथेत वजने याच मापाने मोजायची आहेत.

त्या तरुणाचे नाव एल्मर कीथ. अपघाताची हकिगत लपवून न ठेवता ती त्यांनी त्याच वर्षी ‘अमेरिकन रायफलमन’ या मासिकात लेख लिहून जाहीर केली. पुढे जवळजवळ साठ वर्षे चाललेल्या लेखनाचा आरंभ असा एका फुटलेल्या शस्त्रापासून झाला.

कीथ यांचा जन्म ८ मार्च १८९९ रोजी मिसूरी राज्यातील हार्डिन या गावी झाला. कुटुंब लवकरच मोंटाना राज्यात गेले. तेथे मिझूला शहरात ते उतरले असलेल्या इमारतीला आग लागली, तेव्हा एल्मर बारा वर्षांचा होता. अंग भाजून निघाले आणि डावा हात तर असा आक्रसला, की बोटे मागे वळून मनगटाकडे चिकटली. डॉक्टरांनी आशा सोडलेली होती. कीथ यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितल्याप्रमाणे, त्यांनी घरच्यांनाच ती बोटे मोडून सरळ करावयास लावली आणि हात फळीला बांधून ठेवला. ज्या मुलाने आयुष्यभर हाताने काम करून पोट भरायचे होते, त्याने आपला हात असा परत मिळवला. हे वाचताना अंगावर काटा येतो. कीथ यांच्या लेखनातील अतिशयोक्तीविषयी त्यांचे टीकाकार पुष्कळ बोलत असले, तरी त्या हातावरचे व्रण कोणी नाकारले नाहीत.

हेलेना येथे वाढत असताना यादवी युद्धात लढलेले वृद्ध सैनिक त्यांना भेटले. ठासणीच्या रिव्हॉल्व्हरात दारू किती घालावी, टोपी कशी बसवावी, हे त्यांनी त्या पिढीच्या तोंडून ऐकले. पुढे कीथ यांनी घोडे शिकवले, गुरे राखली, शिकाऱ्यांचे वाटाडे म्हणून डोंगर तुडवले. १९२६ साली लॉरेन रँडल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. काही काळ ऑरेगनमधील डर्की येथे आणि नंतर आयडाहो राज्यात सॅमन नदीच्या खोऱ्यात त्यांनी संसार मांडला. उत्पन्न बेताचे होते. दुकानातील तयार काडतुसे रोजच्या सरावाला परवडण्यासारखी नव्हती. म्हणून शिसे वितळवून गोळ्या ओतणे आणि वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरणे हा छंदाइतकाच काटकसरीचाही भाग होता.

येथे थोडे थांबून दारूविषयी सांगितले पाहिजे. मराठीत या शब्दाने भलताच अर्थ आधी मनात येतो, परंतु शिवकाळापासून दारूगोळ्यातील दारू आपल्या भाषेत आहेच. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ती काळी दारू. तिचा मोठा गुण असा, की ती जागा फार व्यापते. पुंगळी काठोकाठ भरली, तरी त्या पुंगळीसाठी बनवलेले शस्त्र योग्य गोळीसह तो दाब सहसा सोसते. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू सिद्ध केली आणि हा हिशेबच पालटला. नवी दारू थोडक्या जागेत कितीतरी अधिक शक्ती साठवते. काळ्या दारूच्या दिवसांत आखलेल्या लांब पुंगळीत ती तळाशी चिमूटभर पडून राहते आणि वरची जागा रिकामी राहते. काठावरून कळत नाही की आत एक माप पडले आहे की दोन.

त्यातही प्रत्येक दारूची जळण्याची गती निराळी. ‘बुल्सआय’ नावाची १८९८ पासूनची दारू अतिशय वेगाने जळते. निशाणबाजीसाठी .३८ स्पेशलमध्ये तिचे तीन ग्रेनच्या आसपासचे माप पुरते, आणि त्या कामात ती आजही नावाजलेली आहे. मात्र तिचा दाब एकदम शिखरावर जातो. गोळी पुंगळीतून पुरती सुटण्याआधीच सिलिंडरच्या भिंतींवर सगळा भार येतो. जड गोळीला मोठा वेग द्यायचा म्हणून अशी दारू वाढवत गेले, तर वेग थोडाच वाढतो आणि दाब भलताच. शिवाय तीन ग्रेनांच्या जागी चुकून सहा पडले, तरी पुंगळी निम्मीही भरत नाही. सावकाश जळणारी दारू याच्या उलट वागते. ती गोळीला नळीत पुढे सरकताना ढकलत राहते, आणि माप मोठे असल्याने दुप्पट घातल्यास ती सरळ काठाबाहेर सांडते. अर्थात हलक्या गोळीमागे किंवा अपुऱ्या मापात ती नीट जळत नाही. नळीत अर्धवट जळालेले दाणे मागे राहतात. म्हणजे कामावाचून दारूला चांगली किंवा वाईट म्हणता येत नाही.

१९२५ च्या अपघाताने कीथ यांना पहिला धडा पोलादाचा दिला. .४५ च्या सिलिंडरमध्ये कोठ्या मोठ्या, म्हणून त्यांच्या भिंती पातळ. त्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये .४४ स्पेशलसाठी पाडलेल्या कोठ्यांभोवती अधिक धातू उरतो. म्हणून ते .४४ कडे वळले. हे काडतूस १९०७ च्या सुमारास बाजारात आले होते, पण कारखान्यात भरलेली त्याची २४६ ग्रेनची गोळी सेकंदाला जेमतेम साडेसातशे फूट वेगाने जाई. कीथ यांनी स्वतः गोळीची आकृती आखली: रुंद चपटे नाक, धारदार खांदा, चरबीसाठी खोल खाच, वजन सुमारे २५० ग्रेन. आयडियल कंपनीने तिचा साचा काढला, आणि लायमनच्या नावाखाली ४२९४२१ या क्रमांकाने तो पुढील पिढ्यांनी वापरला. दारूसाठी त्यांनी आधी ड्यूपाँटची ‘नंबर ८०’ निवडली.

१९२८ साली फिलाडेल्फियाचे हॅरॉल्ड क्रॉफ्ट नावाचे हौशी गृहस्थ आपली सुधारून घेतलेली रिव्हॉल्व्हरे पेटीत भरून थेट कीथ यांच्या डर्कीच्या घरी येऊन ठेपले. दोघांच्या चर्चेतून ‘नंबर ५’ नावाचे .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हर आकाराला आले आणि १९२९ मध्ये कीथ यांनी त्यावर लिहिलेला लेख शौकिनांनी जपून ठेवला. गुराख्याच्या झोपडीत शहरी श्रीमंताने मुक्काम ठोकावा आणि दोघांनी दिवस दिवस नेमबाजी करावी, असे ते दिवस होते.

खरा बदल घडला तो १९३० च्या दशकाच्या आरंभी. हर्क्युलीस कंपनीने ‘२४००’ नावाची दारू आणली. ती मुळात .२२ हॉर्नेटसारख्या लहान रायफलींच्या काडतुसांसाठी होती. रिव्हॉल्व्हरसाठी ती कोणाच्या मनातही नव्हती. कीथ यांनी मात्र तिच्यात नेमके हवे ते पाहिले. जड गोळी, मोठी पुंगळी आणि सावकाश जळणारी दारू यांचा मेळ बसला. २५० ग्रेनची गोळी सेकंदाला १२०० फुटांच्या आसपास जाऊ लागली.

या यशाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय चरित्र पुरे होत नाही. कीथ यांच्याजवळ दाब मोजणारे यंत्र नव्हते. टोपी किती चपटी झाली, पुंगळी कोठीतून सहज निघते की अडकते, यांवरून ते अंदाज बांधत. आज प्रयोगशाळेत मोजले असता त्यांची ती मापे .४४ स्पेशलच्या मान्य मर्यादेच्या बरीच वर जातात. त्यांच्या हातातील भक्कम शस्त्राने ती सोसली, म्हणून एखाद्या वाचकाच्या जुन्या, झिजलेल्या शस्त्रानेही ती सोसावीत असे नव्हे. हे कीथ जाणत नव्हते असेही नाही. जुन्या पुंगळ्यांचा तळ आतून पोकळ असे. पुढे भरीव तळाच्या मजबूत पुंगळ्या आल्या, तेव्हा आतील जागा घटून तेच माप अधिक दाब देऊ लागले. कीथ यांनी आपले माप सुमारे दीड ग्रेनने उतरवले आणि तसे छापून सांगितले. दीड ग्रेन म्हणजे दहावा भाग ग्रॅमही नाही!

१९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी .३५७ मॅग्नम आणले. त्याच्या उभारणीत फिलिप शार्प यांचा वाटा मोठा होता. कीथ यांनी त्याचे स्वागत केले, पण समाधान मानले नाही. १९३६ मध्ये त्यांचे काडतुसे भरण्यावरील पहिले पुस्तक निघाले. दुसऱ्या महायुद्धात युटामधील ऑग्डेन शस्त्रागारात त्यांनी तपासनीस म्हणून काम केले. त्यांच्या आद्याक्षरांचा ठसा उमटलेल्या रायफली संग्राहक आजही शोधतात.

इकडे कंपन्यांकडे त्यांचा तगादा चालूच होता: जड .४४ काडतूस कारखान्यात भरा. कंपन्यांची अडचण रास्त होती. असे काडतूस कोणीतरी जुन्या .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरात घालील आणि शस्त्र फुटेल. यावर उपाय निघाला तो साधा. पुंगळी एक अष्टमांश इंच लांब केली की ती जुन्या कोठीत बसतच नाही. डिसेंबर १९५५ मध्ये रेमिंग्टनचे काडतूस आणि स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर मिळून .४४ मॅग्नम जाहीर झाले. त्याच वर्षी त्यांचा ‘सिक्सगन्स’ हा ग्रंथही प्रसिद्ध झाला. सोळा वर्षांनी ‘डर्टी हॅरी’ चित्रपटाने ते शस्त्र जगभर पोहोचवले, तेव्हा पडद्यासमोर बसलेल्या फारच थोड्यांना सॅमन नदीकाठच्या त्या म्हाताऱ्याचे नाव ठाऊक असेल.

मोठी टोपी, तोंडात चिरूट आणि ठाम मते, हे त्यांचे रूप ‘गन्स अँड अॅमो’च्या वाचकांना परिचित झाले. जॅक ओकॉनर यांच्याशी, हलकी वेगवान गोळी श्रेष्ठ की जड गोळी श्रेष्ठ यावरून, त्यांचे वितुष्ट अखेरपर्यंत राहिले. जखमी हरणावर रिव्हॉल्व्हरने सहाशे यार्डांवरून नेम धरल्याच्या त्यांच्या हकिगतीवर अनेकांनी अविश्वास दाखवला. १९७९ साली आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी नावच असे दिले, की आपण तेथे प्रत्यक्ष हजर होतो हे संशयितांना बजावले जावे.

१९८१ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि लेखणी थांबली. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. ‘२४००’ दारू आता अलायंट या नावाने विकली जाते. नव्या तक्त्यांतील तिची कमाल मापे कीथ यांच्या मापांपेक्षा कमी आहेत, आणि जाणते लोक त्या तक्त्यांतील आरंभीच्या मापापासून सुरुवात करतात. गोळीसाठी मात्र त्यांतले पुष्कळजण अजूनही कीथ यांचाच साचा काढून शिसे ओततात.