कोसंबींच्या संशोधनाचा हिशेब

‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. एकेकाळी ती इथल्या बाजारपेठेवरून पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या पाळण्यात बियाणे वाढले. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ स्थापन केली, संकरित वाणांचा मोठा उद्योग या शहराभोवती उभा राहिला आणि १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पिकांच्या पैदाशीचे आधुनिक शास्त्र ज्या जनुकीय नकाशांच्या आधारे चालते, त्या नकाशांवर अंतरे मांडताना जगभर एका सूत्राचा वापर होतो. त्या सूत्राला ‘कोसंबी फलन’ म्हणतात. हे कोसंबी म्हणजेच प्राचीन भारताच्या इतिहासाची मांडणी बदलून टाकणारे दामोदर धर्मानंद कोसंबी होत, हे ते सूत्र रोज वापरणाऱ्या अनेकांच्या गावीही नसते. आणि त्यांचे इतिहासग्रंथ आवडीने वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना या सूत्राचा पत्ता नसतो.

शास्त्रज्ञाची योग्यता आकड्यांत मोजण्याची पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. किती शोधनिबंध लिहिले, कोणाबरोबर लिहिले, इतरांनी आपल्या लेखनात त्यांचा संदर्भ किती वेळा दिला, यावर नेमणुका आणि बढत्या ठरतात. यूजीन गारफील्ड यांची संदर्भसूची १९६४ मध्ये छापील स्वरूपात आली. होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये ‘एच-निर्देशांक’ सुचवला आणि २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्याकडील प्राध्यापकांनाही गुणांच्या तक्त्यात बसवले. कोसंबींचे निधन १९६६ चे. म्हणजे या फूटपट्ट्यांचा जाच त्यांना झाला नाही. तथापि त्यांच्या आयुष्याला ही फूटपट्टी लावून पाहिली, तर कोसंबींविषयी जितके कळते, त्याहून अधिक फूटपट्टीविषयी कळते.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणारे धर्मानंद १९१८ मध्ये ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाकडे पुन्हा निघाले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर गेला. शालेय शिक्षण बहुतांशी अमेरिकेतच झाले. हार्वर्डमधून १९२९ मध्ये त्यांनी सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. नॉर्बर्ट वीनर यांच्याशी तिथेच स्नेह जुळला. गणिताबरोबर भाषा, इतिहास, जे जे समोर येईल ते ते शिकण्याचा हव्यास तेव्हापासूनचा. एकाच विषयात खोल जावे, हा जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारख्या गुरूचा सल्ला त्यांच्या पचनी पडला नाही. पुढे संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली नाही आणि डॉक्टरेट न घेताच ते भारतात परतले. ती पदवी त्यांनी नंतरही कधी घेतली नाही. आजच्या नियमांच्या जाळीत हा उमेदवार पहिल्याच चाळणीत बाहेर पडला असता.

बनारस हिंदू विद्यापीठात दोन वर्षे काढल्यावर १९३१ मध्ये आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाच्या निमंत्रणावरून ते अलीगढला आले. तिथला एक किस्सा संदर्भ मोजणाऱ्यांनी जरूर ध्यानात ठेवावा असा आहे. एका सहकाऱ्याची फिरकी घेण्यासाठी वेल यांनी सुचवले आणि कोसंबींनी एक निबंध लिहिला, त्यात डी. बूर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाच्या सिद्धान्ताचा गंभीरपणे आधार घेतला होता. असा गणितज्ञ पृथ्वीतलावर नव्हताच. अलाहाबादच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात १९३१ मध्ये हा निबंध छापून आला. पुढे काही वर्षांनी फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका मंडळाने ‘बूर्बाकी’ हेच सामूहिक टोपणनाव घेऊन गणिताच्या मांडणीत क्रांती केली. गणिताच्या छापील वाङ्मयात त्या नावाचा पहिला उल्लेख केला तो कोसंबींनी, आणि तोही थट्टेत!

अलीगढहून ते पुण्याला आले आणि वडिलांच्याच फर्ग्युसन महाविद्यालयात सुमारे बारा वर्षे गणित शिकवत राहिले. हा काळ त्यांच्या गणिती प्रतिभेचा सुगीचा काळ होय. वक्र मार्गांच्या भूमितीवरचा त्यांचा निबंध १९३३ मध्ये ‘मॅथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकात आला. त्याला लागूनच एली कार्तां या फ्रेंच भूमितिज्ञाची टिप्पणी छापलेली आहे. १९३९ मध्ये शिंग-शेन चर्न यांनी तो धागा पुढे नेला. तिघांची नावे जोडून हा सिद्धान्त आज ओळखला जातो; पण तिघांनी एकत्र बसून एक ओळही लिहिलेली नाही. सहकार्य मोजणाऱ्या यादीत याची नोंद शून्य होते. १९३४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे रामानुजन स्मृती पारितोषिक कोसंबींना मिळाले.

१९४३ चा निबंध अधिक चटका लावणारा आहे. एखादा गुंतागुंतीचा, अनिश्चितपणे बदलणारा संकेत परस्परांपासून स्वतंत्र अशा घटकांत कसा फोडावा, आणि त्यातील मोजक्या प्रमुख घटकांवर काम कसे भागवावे, याची रीत कोसंबींनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात मांडली. महायुद्ध ऐन भरात होते. फिनलंडच्या कारी कारहुनेन आणि फ्रान्समधील मिशेल लोएव यांनी त्यानंतर काही वर्षांतच स्वतंत्रपणे तेच गमक शोधले, आणि ते ‘कारहुनेन-लोएव विस्तार’ या नावाने पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. प्रतिमांचा संक्षेप, हवामानाच्या आकडेवारीतील आकृतिबंध, द्रवांच्या खळबळाटाचा अभ्यास अशा कितीतरी ठिकाणी ते वापरले जाते. कोसंबींचा निबंध आधीचा असूनही त्यांचे नाव या सिद्धान्ताला अपवादानेच जोडले जाते. कोणी कपट केले असे नव्हे. निबंध पुण्यात लिहिला गेला, भारतात छापला गेला आणि वाचला गेला नाही, एवढेच.

याच्या उलट नशीब १९४४ च्या निबंधाचे. लंडनच्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आलेला हा निबंध अवघा चार पानांचा आहे आणि कोसंबी काही जीवशास्त्रज्ञ नव्हते. प्रश्न असा होता. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके पुढच्या पिढीत किती वेळा एकमेकांपासून विलग होतात, हे संततीची मोजणी करून कळते. त्यावरून त्यांच्यातील अंतर काढता येते. पण मधल्या भागात दोनदा अदलाबदल झाली, तर जनुके पुन्हा जोडीनेच दिसतात आणि मोजणी फसते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर सूत्र दिले, परंतु त्यात एक अदलाबदल दुसरीवर परिणाम करत नाही असे गृहीत होते. प्रत्यक्षात एके ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या निकट दुसरी होण्याला अटकाव होतो. हा अटकाव जवळच्या अंतरावर पूर्ण आणि दूर जाता जाता नाहीसा होणारा मानून कोसंबींनी नवे सूत्र बसवले. शंभर संततींत वीस ठिकाणी विलगता आढळली, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर २५.५ सेंटीमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२. भात, गहू, कापूस अशा पिकांचे नकाशे करणाऱ्या संगणक प्रणालींत ही दोन्ही सूत्रे शेजारी शेजारी असतात आणि संशोधक त्यांतले एक निवडतो. हजारो शोधनिबंधांत कोसंबींचे नाव येते ते या चार पानांमुळे. कित्येक ठिकाणी तर मूळ निबंधाचा संदर्भ न देता नुसतेच नाव वापरले जाते. सूत्र सर्वांच्या मालकीचे झाले की लेखकाच्या खात्यावर जमा होणे थांबते. एच-निर्देशांकाचा हिशेब असा की, ज्याचे दहा निबंध प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेखले गेले त्याचा निर्देशांक दहा. हजारो वेळा उल्लेखलेला निबंधही त्यात एकच भरतो.

गणित आणि संख्याशास्त्रावर कोसंबींनी साठाहून अधिक निबंध लिहिले, बहुतेक एकट्याने. जन्मदर आणि मृत्युदर ऋतुमानाप्रमाणे कसे बदलतात यावर एस. राघवाचारी यांच्याबरोबर दोन, पत्ते पिसण्याच्या परिणामकारकतेवर यू. व्ही. आर. राव यांच्याबरोबर एक, असे सहलेखनाचे थोडकेच प्रसंग आढळतात. परंतु या यादीत मावत नाही असे बरेच काही आहे. प्राचीन आहत नाणी त्यांनी हजारोंच्या संख्येने तराजूत घातली. चलनात फिरणारे नाणे झिजते, जितके अधिक फिरते तितके अधिक झिजते आणि वजनांतील तफावतही वाढते. या साध्या तत्त्वावरून एकाच साठ्यातील नाण्यांचा कालक्रम लावता येईल हे त्यांनी ताडले. तत्त्व पारखण्यासाठी त्यांनी चालू नाणीही वजन केली. नाण्यांवरून राजांकडे, राजांवरून समाजाकडे त्यांची पावले वळली. १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती आली. विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ त्यांनी वा. वि. गोखले यांच्या सहकार्याने संपादित केला. १९५७ मध्ये तो हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेत ४२ वा ग्रंथ म्हणून निघाला. त्याच मालेचा ४१ वा ग्रंथ म्हणजे धर्मानंदांनी सिद्ध केलेला ‘विसुद्धिमग्ग’. बापलेकांचे ग्रंथ असे पाठोपाठ एका मालेत यावेत, हा योग विरळाच. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची त्यांची प्रास्ताविका प्रसिद्ध झाली आणि राजघराण्यांच्या वंशावळीऐवजी उत्पादनाची साधने, जमीन, जमाती आणि जाती यांच्या अंगाने इतिहास पाहण्याची वाट भारतीय अभ्यासकांना मिळाली.

दरम्यान १९४५ मध्ये होमी भाभा यांनी कोसंबींना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले होते. पुण्यातले घर त्यांनी सोडले नाही. डेक्कन क्वीनने मुंबईला जाणे-येणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. सुरुवातीचा जिव्हाळा हळूहळू आटला. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत होते आणि भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्तीकडे लक्ष द्यावे, असे ते जाहीरपणे मांडत. भाभा तर अणुकार्यक्रमाचे शिल्पकार. त्यात १९५९ चे प्रकरण घडले. मूळ संख्यांविषयीचे रीमानचे गृहीतक सिद्ध केल्याचा दावा कोसंबींनी केला आणि तो निबंध प्रसिद्ध केला कृषी संख्याशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात. शतकभर भल्याभल्यांना न सुटलेल्या प्रश्नाचे उत्तर अशा ठिकाणी छापणे म्हणजे तज्ज्ञांच्या छाननीला वळसा घालण्यासारखेच होते. सिद्धता टिकली नाही. गणितज्ञांत त्यांच्या नावाला जो धक्का बसला, त्याचा दोष त्यांच्याकडेच जातो. तरीही त्या एका निबंधाने आधीच्या तीस वर्षांच्या कामावर बोळा फिरवावा, हा न्याय नव्हे. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही.

त्याच वर्षी त्यांचा ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हा ग्रंथ आला. पुण्याच्या परिसरातील टेकड्या, लेणी, ग्रामदैवते आणि दगडी हत्यारे धुंडाळत ते पायी हिंडत. काठी घेतलेली ही व्यक्ती गणिताची प्राध्यापक आहे, हे वाटेत भेटणाऱ्या मेंढपाळांना सांगूनही पटले नसते. १९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी जोडून दिले. मूळ संख्यांचा नाद त्यांनी सोडला नव्हता. मात्र या काळातील काही गणिती निबंध त्यांनी ‘एस. ड्युक्रे’ या टोपणनावाने मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापले. नावावरून मोजणी करणाऱ्या यंत्राला ड्युक्रे हा एक वेगळाच, अल्पायुषी गणितज्ञ वाटेल.

२९ जून १९६६ च्या पहाटे पुण्यात झोपेतच कोसंबींचे निधन झाले. साठी गाठायला अद्याप वर्षभराहून अधिक अवकाश होता. विद्यापीठ अनुदान आयोगाचा हरी ओम आश्रम पुरस्कार त्यांना १९८० मध्ये मरणोत्तर जाहीर झाला, २००८ मध्ये टपाल तिकीट निघाले. गणित आणि संख्याशास्त्रातील त्यांचे निवडक निबंध राम रामस्वामी यांच्या संपादनाखाली एकत्र ग्रंथरूपात यायला मात्र २०१६ साल उजाडले. १९४३ चा तो निबंध आता सहज हाती लागतो आणि काही अभ्यासक कारहुनेन आणि लोएव यांच्या आधी कोसंबींचे नाव लिहू लागले आहेत.