विश्लेषण : तिकीटवेडा पंचम जॉर्ज आणि त्याच्याच चेहऱ्यावरच्या छपाईचुका

शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या चाकरमान्यांनी कुडाळला धाडलेल्या पत्रांवर दाढीवाल्या राजाचे तिकीट असायचे. तो राजा पंचम जॉर्ज. हा राजा स्वतः तिकिटांचा मोठा संग्राहक होता. त्याच्याच कारकिर्दीत, त्याच्याच चित्राच्या तिकिटांवर घाईने केलेल्या छपाईत चुका झाल्या आणि आज संग्राहक त्याच चुका शोधत असतात. त्या कशा ओळखायच्या?

छंद लागला कसा?

जॉर्जचा जन्म ३ जून १८६५ चा. तो धाकटा मुलगा, त्यामुळे गादी थोरल्या भावाची. बाराव्या वर्षी तो नौदलात दाखल झाला. त्याचे काका आल्फ्रेड नौदलातलेच आणि तिकिटे जमवणारे. पुतण्याला गोडी लागली. १८९२ मध्ये थोरला भाऊ अचानक वारला आणि जॉर्ज वारसाच्या रांगेत आला. पुढच्याच वर्षी लंडनच्या फिलाटेलिक सोसायटीने त्याला मानद उपाध्यक्ष केले. १८९६ मध्ये तो अध्यक्ष झाला.

१९०४ मध्ये त्याने मॉरिशसचे १८४७ चे दोन पेनीचे निळे तिकीट १,४५० पौंडांना घेतले. इतके पैसे मोजणारा मूर्ख कोण, असे एका दरबाऱ्याने त्यालाच विचारले आणि तो मूर्ख आपणच असल्याचे जॉर्जने सांगितले, असा किस्सा आहे.

राजा झाल्यावर काय?

१९०५ मध्ये युवराज म्हणून तो मुंबईत आला. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी त्याच्याच हस्ते झाली. १९१० मध्ये तो गादीवर बसला. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारासाठी तो मुंबईत उतरला. गेटवे ऑफ इंडिया त्याच भेटीची आठवण. १९१३ पासून संग्रह सांभाळायला एडवर्ड बेकन हा जाणकार नेमला गेला. संग्रहाचा भर ब्रिटिश साम्राज्याच्या तिकिटांवर होता. नुसती तिकिटे नव्हेत, तर मूळ चित्रे आणि छपाईपूर्व नमुनेही त्यात असत. तिकीट तयार कसे झाले, याचा पुरावा त्यामुळे हाताशी राहतो.

छापलेल्या तिकिटावर पुन्हा छपाई कशाला?

त्या काळी भारताची तिकिटे लंडनच्या डी ला रू कारखान्यात छापली जात. नाशिकची छपाई सुरू झाली ती १९२५-२६ च्या सुमारास. अचानक वेगळ्या किमतीचे तिकीट लागले तर जहाजाची वाट पाहण्यापेक्षा हाताशी असलेल्या तिकिटावर नवी किंमत छापणे सोपे. अशा सोयीच्या तिकिटांना तात्पुरती किंवा ओव्हरप्रिंट तिकिटे म्हणतात. १९२१ मध्ये एक आण्याच्या लालसर तिकिटावर ‘नाइन पाइज’, म्हणजे नऊ पै, असे इंग्रजीत छापले गेले. १९२२ मध्ये अर्ध्या आण्याच्या हिरव्या तिकिटावर पाव आण्याची छपाई झाली.

चुका कोणत्या?

पहिली, खिळे जुळवण्यातली. ‘नाइन पाइज’ऐवजी काही तिकिटांवर ‘नाइन नाइन’, तर काहींवर ‘पाइज पाइज’ छापले गेले. अशी चूक त्या जुळणीतून निघालेल्या प्रत्येक तावावर ठरावीक जागीच येते. दुसरी, कागद घालण्यातली. ताव उलटा गेला की छपाई उलटी, दोनदा गेला की दुहेरी. तिसरी, छपाई राहून जाण्याची.

पहिल्या महायुद्धात परदेशी गेलेल्या हिंदी फौजेसाठी १९१४ मध्ये याच राजाच्या तिकिटांवर ‘आय.ई.एफ.’ ही अक्षरे छापली गेली. कोकणातले अनेक जवान मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात लढले. फौजेच्या फिरत्या टपाल कचेऱ्यांत हीच तिकिटे चालत. त्यातल्या काहींवर शेवटच्या अक्षरापुढचा टिंब गायब आहे.

खरे-खोटे कसे ओळखायचे?

नव्या छपाईची अक्षरे त्याच मालिकेतल्या खात्रीच्या तिकिटाशी भिंगाखाली ताडून पाहावीत. आकार, जाडी, दोन ओळींतले अंतर जुळले पाहिजे. मग टपालाचा शिक्का पाहावा. ओव्हरप्रिंट आधी होते, शिक्का नंतर बसतो. छपाईची शाई शिक्क्याच्या वर दिसली, तर वापरलेल्या साध्या तिकिटावर कुणी नंतर कारागिरी केल्याचा दाट संशय घ्यावा.

छपाई राहून गेलेले तिकीट सुटे असेल, तर ते साध्या तिकिटासारखेच दिसते. शेजारच्या छापलेल्या तिकिटाला जोडलेले असेल, तरच चूक सिद्ध होते. म्हणून जोडी कधीही फाडू नये. मोठी रक्कम मोजण्यापूर्वी तज्ज्ञांचे प्रमाणपत्र मागावे.

कुडाळच्या वाचकाने काय करावे?

कुडाळ तेव्हा सावंतवाडी संस्थानात होते. भोर संस्थानाने स्वतःची तिकिटे काढली. सावंतवाडीने काढली नाहीत. त्यामुळे इथल्या जुन्या पेटाऱ्यांत सापडण्याची शक्यता जास्त ती याच राजाच्या तिकिटांची. बहुतेक तिकिटे साधीच निघतील. तरीही तिकीट पाकिटावरून कापू किंवा भिजवून काढू नये. पाकिटावरचा शिक्का, तारीख आणि पत्ता हाच पुरावा असतो. कोकणातल्या दमट हवेत डिंक चिकटतो, बुरशी धरते. म्हणून पाकिटे कोरड्या जागी सुटी ठेवावीत.

संग्रहाचे पुढे काय झाले?

पंचम जॉर्ज २० जानेवारी १९३६ रोजी वारला. त्याच्या मागे तिकिटांचे ३२८ लाल अल्बम राहिले. तो संग्रह आजही ब्रिटिश राजघराण्याकडे आहे. पंचम जॉर्जचे साम्राज्य संपले. घाईत जुळवलेले चार खिळे मात्र अजूनही भिंगाखाली तपासले जातात.