मॅथ्यू हेल

सर मॅथ्यू हेल (१ नोव्हेंबर १६०९ – २५ डिसेंबर १६७६) हे इंग्लंडमधील कायदेपंडित व न्यायाधीश होते. ते वैद्य नव्हते. तथापि मृत्यूचे कारण, वेड आणि वैद्याची जबाबदारी या विषयांच्या कायदेशीर विवेचनामुळे न्यायवैद्यकशास्त्राच्या इतिहासात त्यांना स्थान आहे.

जीवन

हेल यांचा जन्म ग्लॉस्टरशायरमधील ऑल्डर्ली येथे झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने एका प्युरिटन नातलगाने त्यांचा सांभाळ केला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतल्यानंतर १६२८ मध्ये त्यांनी कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनच्या लिंकन्स इनमध्ये प्रवेश घेतला. १६५४ मध्ये ते न्यायाधीश आणि १६७१ मध्ये किंग्ज बेंच न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले. प्रकृती ढासळल्याने १६७६ मध्ये त्यांनी पद सोडले. त्याच वर्षी ऑल्डर्ली येथे त्यांचे निधन झाले.

न्यायवैद्यकातील योगदान

फौजदारी कायद्यावरील 'हिस्टोरिया प्लॅसिटोरम कोरोनी' हा त्यांचा ग्रंथ मृत्यूनंतर साठ वर्षांनी, १७३६ मध्ये प्रकाशित झाला. मृतदेह सापडल्याशिवाय किंवा मृत्यू निश्चितपणे सिद्ध झाल्याशिवाय कोणासही खुनासाठी दोषी ठरवू नये, असे मत त्यांनी त्यात मांडले. मृत समजलेली व्यक्ती आरोपीच्या फाशीनंतर जिवंत परतल्याचे उदाहरणही त्यांनी दिले आहे. मूळची प्राणघातक नसलेली जखम उपचारांअभावी चिघळून मृत्यू आला, तर जखम करणारा जबाबदार ठरतो. मात्र मृत्यू जखमेने नव्हे तर घातक औषधाने झाल्याचे स्पष्ट असल्यास तो मनुष्यवधाचा दोषी नाही, असा भेद त्यांनी केला. सद्हेतूने दिलेल्या औषधाने रुग्ण दगावल्यास वैद्य मनुष्यवधाचा दोषी ठरत नाही, मग त्याच्याकडे परवाना असो वा नसो, असेही त्यांचे मत होते.

वेडाचे त्यांनी पूर्ण व आंशिक असे दोन प्रकार मानले. चौदा वर्षांच्या सर्वसाधारण मुलाइतकी समज असलेली व्यक्ती गुन्ह्यास जबाबदार धरावी, ही कसोटी त्यांनी सुचवली.

बरी सेंट एडमंड्स खटला

१६६२ मध्ये रोझ कलेंडर व एमी डेनी या दोन स्त्रियांवरील चेटकाचा खटला हेल यांच्यासमोर चालला. प्रख्यात वैद्य सर थॉमस ब्राऊन यांनी मुलींना येणारे झटके नैसर्गिक असले तरी सैतानाच्या प्रभावाने ते वाढल्याचे मत दिले. डोळे बांधलेल्या एका मुलीला दुसऱ्याच स्त्रीने स्पर्श केला, तेव्हाही तिला तसाच झटका आला. ढोंगाचा संशय बळावूनही दोघी दोषी ठरल्या आणि त्यांना फाशी झाली. खुनाच्या बाबतीत ठोस पुराव्याचा आग्रह धरणाऱ्या हेल यांच्याकडून येथे तशी सावधगिरी बाळगली गेली नाही. १६९२ च्या अमेरिकेतील सेलम खटल्यांत या निकालाचा दाखला घेतला गेला.

प्रभाव

हेल यांचा ग्रंथ इंग्रजी न्यायालयांत दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. राजा तिसरा जॉर्ज याच्यावर गोळी झाडणाऱ्या जेम्स हॅडफील्डच्या १८०० मधील खटल्यात बचावपक्षाचे वकील थॉमस अर्स्किन यांनी पूर्ण वेडाच्या कसोटीला आव्हान दिले. भ्रमाने पछाडलेला मनुष्य इतर बाबतींत समंजस दिसू शकतो, हा त्यांचा युक्तिवाद यशस्वी होऊन हॅडफील्ड निर्दोष ठरला.